चौकशीला आलेलं पावणं

मी ज्या खात्यात नोकरी केली, त्याचं नाव इथं लिहिणार नाही. भीती म्हणून नव्हे, सवय म्हणून. देशभरातली बारीकसारीक माहिती गोळा करायची, ती पारखायची आणि वर पाठवायची, हे त्या खात्याचं काम. आणि अशा खात्याला नेसरीजवळच्या एका पोरीबद्दल चार खऱ्या गोष्टी गोळा करता आल्या नव्हत्या. ती पोरगी मी. नोकरी सोडूनही आता बराच काळ लोटला, तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं. फिरू दे. शांतपणे सांगायला मला ही गोष्ट जमणार नाही.

आमचं गाव नेसरीपासून थोडं आत. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. वडील फौजेतून हवालदार होऊन परतले आणि वाट्याला आलेल्या तुकड्यात ऊस, भुईमूग करू लागले. मी त्यांची एकुलती एक. आठवीला त्यांनी मला त्यांच्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्तीकडे, संकेश्वराच्या बाजूच्या एका खेड्यात ठेवलं. आत्तीला मूलबाळ नव्हतं आणि हायस्कूल तिच्या दारासमोर होतं. मध्ये फक्त राज्याची हद्द होती. घरात मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोन्हीची भेळ, अशी मी बारावीपर्यंत तिथं वाढले.

सीमेवरून काही धुसफूस झाली की दोन्हीकडच्या एसट्या बंद पडायच्या. एकदा आमच्या गावात बातमी आली, की पलीकडे मराठी पोरांना बसमधून ओढून मारलं. त्याच दुपारी आत्तीच्या गावात बातमी होती, की अलीकडे कानडी ड्रायव्हरला मारलं. मी त्याच बसमध्ये होते. बसचा पाटा मोडला होता, आणि ड्रायव्हर-कंडक्टर दोघं बाभळीखाली बसून आमच्याच पिशवीतल्या शेंगा खात होते. हे मी दोन्ही गावांत ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही, कारण मी शाळकरी पोर होते. पण आपल्याला जे ठाऊक आहे ते दोन्ही बाजूंना ठाऊक नाही, याची मला त्या दिवशी चटक लागली.

पदवीसाठी कोल्हापूरला आले आणि राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करू लागले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याबरोबरच्या सगळ्यांना बँकेत जायचं होतं. मी या खात्याची जाहिरात कापून ठेवली. लेखी पास झाले, मुलाखतीला गेले. समोरच्या साहेबांपैकी एकाने विचारलं, मुलगी असून या कामात कशाला येतेस? मी म्हटलं, मला कळल्याशिवाय चैन पडत नाही. ते हसले आणि त्यांनी मला निवडलं. आता राहिली फक्त गावाकडची चौकशी, म्हणजे मी फॉर्मवर लिहिलंय तशीच आहे का, हे खात्याचा माणूस येऊन बघून जाणार.

फॉर्मवर मी सगळं खरं लिहिलं होतं. परराज्यात कुठं, कुणाकडे, किती वर्षं राहिले ते लिहिलं. कधी कुठल्या आंदोलनात होतात का, या प्रश्नापुढेही लिहिलं. आमच्या वस्तीच्या नळाला पाणी सोडत नव्हते, तेव्हा मी वस्तीतल्या बायकांना घेऊन, रिकाम्या घागरी मांडून ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसले होते. फौजदार येऊन गेले, गुन्हा काही नोंदवला नाही, आणि पाणी आलं. हे लिहू की नको, म्हणून मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "लिही. लपवायला आपण काय चोरी केलीया?"

पुढे नुसती वाट बघणं. माझ्याबरोबर निवडलेला जयसिंगपूरचा एक मुलगा ट्रेनिंगला गेलासुद्धा. माझं आलं ते चार ओळींचं पत्र. चौकशीत विसंगती आढळल्यामुळे आपल्या नियुक्तीचा विचार करता येत नाही. मी ते पत्र चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचलं. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्या पावण्यांनी बी काय कळवलं न्हाय बघ."

"कुठलं पावणं?"

"अगं, तुझ्या चौकशीला आलतं की एक पावणं. कोल्हापूरचं. गोरंगोमटं, चष्मेवालं, काखंत पिशवी. मुलाचा चुलता असंल, न्हायतर मामा असंल."

मुलगा कुठला? माझ्या चौकशीला येणार होता तो खात्याचा माणूस.

मुलीला बघायला येण्याआधी मुलाकडचा एखादा शहाणा माणूस गुपचूप मुलीच्या गावात येतो, ही आमच्याकडची रीत. तो हॉटेलात चहा पितो, डेअरीत डोकावतो, सहज विचारल्यासारखं विचारतो. गाव त्याला पहिल्या घोटालाच ओळखतं आणि न ओळखल्यासारखं करतं. आणि गावाचा एक कायदा असतो, कुठंही न लिहिलेला. स्थळाला खरं सांगायचं नाही. तुमचं त्या घराशी बोलणं नसेल, बांधावरून वैर असेल, तरी त्या क्षणी पोरगी गावाची असते. पोरीच्या लग्नात मोडता घालणाऱ्याला आमच्या गावात कुणी तंबाखूसुद्धा देत नाही.

आईनं त्या दिवशी अंगण झाडून घेतलं होतं, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पोहे भिजवले होते. पावणं घराकडं फिरकलंच नाही. भिजवलेले पोहे तिनं दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना घातले. आणि मुलाकडच्यांना पोरगी पसंत नाही असं समजून ती तेव्हापासून आतल्या आत कुढत होती, मला एका शब्दानं बोलली नव्हती.

मी चपला घातल्या आणि थेट हॉटेलात गेले. हॉटेल म्हणजे पाराशेजारची पत्र्याची शेड. मालक गावातले शेतकरी, त्यांना मी काका म्हणायचे.

"काका, ते चष्मेवालं पावणं आलतं, त्याला काय सांगितलं तुमी?"

काका खुशीत आले. "लई ब्येस सांगितलं. म्हटलं, पोरगी म्हंजे गाय हाय गाय. मान वर करून बघणार न्हाय. शेजारच्या गावाला बी कवा एकटी गेली न्हाय."

"आनी मी आठवीपास्नं आत्तीकडं हुतो, ते?" आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. शहरात मी जिभेला वळण लावून घेतलं होतं, गावात पाऊल टाकलं की ते सुटायचं.

"ते ठावं हाय की मला. पर स्थळाला कोन खरं सांगतं व्हय? दुसऱ्याच्या घरात वाढली, कानडी बोलती म्हटलं, तर शंभर शंका काढत्यात लोकं."

"आनी पंचायतीच्या पायरीवर बसलो ते?"

काकांनी दोन्ही कानांना हात लावले. "तुझं लगीन मोडायचं हाय व्हय मला?"

त्याच हॉटेलात माझ्या आजोबांची कपबशी वेगळी असायची, बाहेर वळचणीला, आणि ती त्यांनाच विसळून ठेवावी लागायची. आणि आता त्याच हॉटेलवाल्यांच्या घरातला माणूस माझ्यासाठी, मला आपली म्हणत, छातीठोकपणे खोटं बोलला होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि भयंकर बरं वाटलं. दोन्ही एकाच वेळी झालं तर माणसानं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त विचारलं, "काका, त्यानं सांगितलं का, की तो मुलाकडचा हाय?"

"म्या इचारलं की. मुलाकडचं का पावणं? त्ये नुसतं हसलं. मग आनी काय पायजे?"

तिथं मला सगळं कळलं. तो हसला होता.

आमच्या शेजारची काकू, जिच्याशी माझं कोंबड्यांवरून रोज वाजायचं, तिनं तर कडीच केली होती. ही पोर कधी आवाज चढवून बोलली नाही, असं तिनं गळ्यावर हात ठेवून सांगितलं होतं. म्हणजे फॉर्मवर एक धीट, दोन भाषा बोलणारी, परराज्यात वाढलेली, पंचायतीच्या पायरीवर बसलेली मुलगी. आणि गावात विचारलं तर एक मुकी गाय. खात्यानं त्यातून अर्थ काढला, की एकतर मुलगी खोटारडी आहे, नाहीतर गाव काहीतरी लपवतंय. दुसरं अगदी बरोबर होतं.

वडील म्हणाले, अर्ज कर, वर पाठव. वरचा हुकूम वरच बदलतो. आयुष्यभर हुकमात राहिलेला माणूस, त्यांचं चुकत नव्हतं. पण अर्ज वर जाऊन वरचा माणूस वाचणार तो त्याच चष्मेवाल्याचा अहवाल. मी म्हटलं, मी कोल्हापूरला जाते. काकू तिच्या दारातून ऐकत होती. ती म्हणाली, "मी बी येतो. मी केल्याली घाण मीच काढतो."

ऑफिस कुठं आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. क्लासच्या गॅलरीतून मी ते कधीपासून बघत होते. समोरच्या गल्लीत दातांच्या दवाखान्यावर एक दार, वर बोर्ड नाही, पण पोस्टमन रोज येतो, लाखेचे शिक्के असलेली पाकिटं देतो, आणि आतले लोक खाली चहाला आले की एकमेकांशी कामाचं अवाक्षर बोलत नाहीत. एवढी चोख गप्प बसणारी माणसं राजारामपुरीत दुसरी कुठं होती? आम्ही जिना चढलो, मी कडी वाजवली. दार उघडलं ते चष्मेवाल्यानंच.

"ह्येच की पावणं!" काकू ओरडली. खालच्या दवाखान्यातल्या लोकांनी वर बघितलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो दार लावून घेणार इतक्यात आतून साहेबांनी कोण आहे म्हणून विचारलं, आणि आम्ही आत शिरलो. खोली लांबलचक होती आणि तिच्यात टेबलं भरपूर होती. बहुतेक टेबलांवर टाइपरायटर होते, टाइपरायटरवर आच्छादनं होती आणि आच्छादनांवर धूळ होती. माणसं तीनच. साहेब उत्तरेकडचे, हिंदीत बोलायचे, मराठी समजायचं. ते म्हणाले, उमेदवारानं इथं यायचं नसतं, तुम्ही ताबडतोब जा.

"जाते," मी म्हटलं. "आधी एवढं ऐका. मी फॉर्मवर लिहिलं ते खरं आहे. गावानं तुमच्या माणसाला सांगितलं ते खोटं आहे. आणि गाव खोटं बोललं, कारण तुमचा माणूस हसला."

साहेबांनी चष्मेवाल्याकडं बघितलं. तो चाचरत म्हणाला, "साहेब, चौकशी गुप्तपणे करायची असते. लोक मुलाकडचा समजले, मी समजू दिलं. सोयीचं होतं."

"तुम्हाला सोयीचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, पण आता तो उतरवायचं मला कारण दिसेना. "तुम्ही कोण आहात ते लपवलंत, ठीक आहे. पण लोकांच्या लेखी तुम्ही कुणीतरी झालातच ना? मोजणीवाला समजले असते तर बांध कसा बरोबर आहे ते सांगितलं असतं. डॉक्टर समजले असते तर कंबर दुखते म्हणून सांगितलं असतं. मुलाकडचा समजले, म्हणून पोरगी गाय आहे म्हणून सांगितलं. त्यांनी पावण्याला बरोबर उत्तर दिलं. तुम्ही ते भलत्याच प्रश्नाखाली लिहिलंत."

मग काकूला राहवेना. तिनं पदर खोचला. "सायेब, माझं ऐका. ही पोरगी? हिच्याएवढी भांडकुदळ आमच्या पंचक्रोशीत न्हाय. सायकलीवर बसून हिंडती. फौजदाराला उलटं बोलली ही, माझ्यासमोर. हिला कानडी येतंय, शिव्या बी येत्यात कानडीत. कुनाच्या घरात काय शिजतंय, हिला सगळं ठावं असतंय. एक गोष्ट पोटात ठिवायची म्हटली तर मातर ठिवती, माझ्या सुनंचं मी हिला सांगितल्यालं कुटं भाईर गेलं न्हाय. हे मी तवा सांगितलं न्हाय, कारन पोरीचं लगीन झालं पायजे म्हनून. मला काय ठावं, तुमाला अशीच पायजे ते!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी माझी फाईल उघडली. मग म्हणाले, गावाचं समजलं, पण पलीकडच्या राज्यातल्या वास्तव्याची खात्री तिथल्या आमच्या ऑफिसनं करायची असते, ती अजून आलेली नाही. मी विचारलं, का नाही? त्यांनी सांगितलं, की इथून पत्र वर जातं, वरून आणखी वर, तिथून त्या राज्यात खाली, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं.

"साहेब, आत्तीच्या गावाला सकाळच्या एसटीनं गेलेला माणूस दुपारी जेवून परत येतो."

"आम्ही बाजूला लिहीत नाही," ते म्हणाले. "आम्ही फक्त वर लिहितो."

हे वाक्य मी जन्मभर विसरले नाही. ते त्यांनी अभिमानानं म्हटलं नव्हतं, लाजूनही नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं म्हटलं होतं. मी म्हटलं, "मग तुमच्या शेजारी काय चाललंय ते तुम्हाला कळतं कसं?" त्यांनी त्या आच्छादलेल्या टेबलांकडं हात केला आणि म्हणाले, की माणसंच नाहीत, एक जण गावोगाव फिरणार तरी किती आणि कधी?

"मी आलेय की," मी म्हटलं. "घ्या."

त्यांनी आम्हाला जायला सांगितलं. जिन्यात काकूनं माझा हात धरला आणि विचारलं, "व्हईल का गं?" मला काहीच माहीत नव्हतं. पण मी तिला म्हटलं, व्हईल. आणि नाही झालं तर परत येऊ, हेही म्हटलं. आम्ही कांदाभजी खाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्या दिवसानंतर कोंबड्यांवरून आमचं भांडण झालं नाही, असं लिहायला छान वाटलं असतं. दुसऱ्याच दिवशी झालं.

पावसाळा संपताना रुजू व्हायचं पत्र आलं. आईनं त्या दिवशी पुन्हा पोहे केले आणि या वेळी आम्हीच खाल्ले. काय झालं होतं ते मला पुष्कळ नंतर, नोकरीत मुरल्यावर, त्या चष्मेवाल्याकडूनच कळलं. साहेबांनी त्याला एसटीत बसवून आत्तीच्या गावाला धाडलं आणि बजावलं, की पोचल्या पोचल्या आपण नोकरीच्या चौकशीला आलोय हे सरळ सांगायचं. आत्तीनं त्याला जेवू घातलं आणि सगळं खरं सांगितलं, माझ्या अभ्यासातल्या अंगचोरीसकट. शिवाय साहेबांनी पलीकडच्या ऑफिसातल्या आपल्या बरोबरीच्या माणसाला सरळ फोन लावला. त्या फोनबद्दल त्यांना वरून लेखी ठपका आला. साहेब माझ्याशी त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

मी जिंकले असं मला वाटलं होतं. कसलं काय! ट्रेनिंग करून कोल्हापूरला परत आले, तर मला एका कोपऱ्यात बसवलं आणि कानडी वर्तमानपत्रांचं भाषांतर करायला सांगितलं. बाहेर पाठवायचं नाही. मुलगी आहे, एसटीनं कुठं जाणार, कुठं राहणार? जी मुलगी धीट आहे म्हणून घेतली, तिला घेतल्यावर पुन्हा गाय करून बांधून ठेवायची, यातली गंमत माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हती. मी दर वर्षी बाहेरचं काम मागितलं आणि दर वर्षी मला नकार मिळाला. शेवटी मला बाहेर काढलं ते त्या रिकाम्या टेबलांनीच. चष्मेवाला निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि पाठवायला माझ्याशिवाय माणूस उरला नाही.

पहिल्या फेरीपासून मी एक नियम केला. अहवालाची पहिली ओळ ही, की विचारताना लोक मला कोण समजत होते. अंगणवाडीची बाई, सर्व्हेवाली, बचत गटाची, कुणाची तरी सून. त्याखाली बाकीचं. नवे साहेब आले होते. त्यांनी ती ओळ खोडली आणि म्हणाले, मला माहिती हवी, कथा नको. मी पुढच्या अहवालात ती परत लिहिली. त्यांनी परत खोडली. मी म्हटलं, साहेब, ही ओळ नसेल तर खालची माहिती कुणाला दिलेली आहे तेच कळत नाही, मग ती खरी की खोटी हे वरचा माणूस कशावरून ठरवणार? त्यांनी मला मेमो दिला. दुसरा मेमो मिळाला तो पलीकडच्या ऑफिसातल्या बाईंशी दर आठवड्याला कानडीत फोनवर बोलते म्हणून. कामाचंच बोलायचो आम्ही, आणि त्यामुळे सीमेवरच्या दोन-तीन अफवा दोन्ही बाजूंना पेट घ्यायच्या आत विझल्या, पण ते मेमोत नव्हतं. मेमो मी ड्रॉवरमध्ये अंथरले आणि वर जेवणाचा डबा ठेवू लागले. आमटी सांडली तरी चालायची.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी वारं बदललं. देशात जे हल्ले व्हायचे ते होऊन गेल्यावर वरच्यांना अचानक सुचलं, की जागा भरल्या पाहिजेत, माणसं शिकवली पाहिजेत, एका ऑफिसला कळलेलं दुसऱ्याला कळलं पाहिजे. वरून एक समिती आमच्याकडं आली. टाय लावलेले चौघे, पडद्यावर बाण आणि चौकोन. शेवटी, कुणाला काही सुचवायचं आहे का, असं विचारलं. साहेब माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. मी उभी राहिले.

मी म्हटलं, जागा भराल, पण भरलेल्या माणसाला कोपऱ्यात बसवाल तर ती जागा रिकामीच. शिकवाल, पण वेष कसा घ्यायचा एवढंच शिकवाल आणि त्या वेषाला लोक काय उत्तर देतात ते शिकवणार नाही, तर कुणी न शिकलेलं बरं. आणि बाजूला बोलायला बंदी असेल तर पडद्यावरचे हे बाण घरी घेऊन जा, सगळे वरच जातायत. एक जण वहीत काहीतरी टिपून घेत होता. दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. मग चहा आला.

त्यातून काय आलं? टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. काही टेबलांवरची धूळ निघाली. पलीकडच्या ऑफिसशी बोलायची परवानगी आली, त्यांच्या भाषेत 'समन्वय' या नावानं, जणू काही त्यांनीच ती आजच शोधून काढली. माझी पहिली ओळ नियम झाली नाही, कधीच नाही. पण नवीन पोरं माझ्या हाताखाली यायची, आणि त्यांनी ती ओळ लिहिल्याशिवाय मी सही देत नव्हते. त्यातला एक पोरगा पार उत्तरेला बदलून गेला आणि तिथून त्यानं फोन केला, मॅडम, इथले साहेबपण विचारतात ही ओळ कशाला. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाला, परत लिहिली.

नोकरी सोडण्याआधीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची राहिली. शिरोळ तालुक्यातल्या एका मुलीची निवड झाली होती. जयसिंगपूरच्या पुढे तिचं गाव. एक नवीन पोरगा चौकशी करून आला आणि त्यानं माझ्या पहिल्या ओळीशिवायच अहवाल ठेवला, मुलगी शांत, सुशील, घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही. मी फॉर्म उघडून बघितला. मुलीनं लिहिलं होतं, ठरलेलं लग्न स्वतः मोडलं, ट्रॅक्टर चालवते, गावसभेत दोनदा तक्रार केली. खाली साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलेला एक शब्द होता, विसंगती.

मी फॉर्म मिटला. पर्स उचलली आणि एसटी पकडली.

गावात पाराजवळ हॉटेल होतं. हॉटेलं सगळीकडे पाराजवळच असतात. बाकड्यावर एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मी चहा सांगितला आणि त्या मुलीचं घर कुठं म्हणून विचारलं. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बिडी विझवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, लबाड, मायेची तयारी दिसायला लागली. पोरगी म्हणजे गाय आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसत होतं.

"मुलाकडचं का पावणं?" त्यानं विचारलं.

मी हसले नाही.

"न्हाय आजोबा. मुलीकडची. तिच्या नोकरीचं बघायला आलोय."

तो बाकड्यावर थोडा सरकला आणि माझ्यासाठी जागा केली.

"मग बसा की," तो म्हणाला. "मग खरं सांगतो."